वलणी ते कप्पी : घरात कपडे वाळवण्याचा इतिहास



गेल्या वर्षी प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री आपल्या मांडवात जी धांदल उडाली ती बऱ्याच जणांना आठवत असेल. पूजेला बसणाऱ्या यजमानांचे धोतर आणि उपरणे सकाळीच धुऊन वाळत घातले होते. दिवसभर पाऊस थांबला नाही. रात्री नऊ वाजता हात लावून पाहिला तर धोतर जसेच्या तसे ओले. मग कुणी ते पंख्याखाली धरले, कुणी घरून इस्त्री आणली. एक वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, इस्त्रीने वाफ निघतेय, धोतर कुठे वाळतेय?" शेवटी गुरुजींना फोन लावला. ते हसून म्हणाले, "ओलेत्याने पूजा शास्त्राला चालते. यजमानांना शिंका येतील तेवढे बघा."

सकाळी पूजा यथासांग झाली आणि शिंकाही आल्या. पण माझ्या डोक्यात एक प्रश्न राहून गेला. माझी आजी राजापूर तालुक्यातली. कोकणातला पाऊस इथल्या गुवाहाटीच्या पावसाला हार जाणारा नाही. तरी तिला रोज कोरडे सोवळे मिळत असे. घरात ना पंखा, ना इस्त्री, ना वीज. मग ते वाळत कसे होते?

मी रेल्वेच्या बांधकाम विभागातला माणूस. डिप्लोमा करून नोकरीला लागलो. इतिहासाचा अभ्यासक नाही. पण क्वार्टरच्या भिंतीला ओल का आली हे शोधण्यात माझ्या नोकरीची वीस वर्षे गेली आहेत, आणि त्या ओलीच्या मुळाशी पुष्कळदा गळके छप्पर नसून घरातली कपड्यांची दोरी असते हे मी पाहिले आहे. त्या दोरीचा इतिहास सांगावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

सोवळ्याची वलणी

जुन्या मराठी घरात, मग तो देशावरचा वाडा असो की कोकणातले कौलारू घर, माजघरात किंवा देवघराजवळ आढ्याखाली एक लांब दांडी दोन दोरांनी आडवी टांगलेली असे. ही वलणी. ती इतकी उंच असे की हात पोचत नसे. धुतलेले वस्त्र काठीच्या टोकावर घेऊन वलणीवर टाकायचे, काठीनेच पसरायचे आणि दुसऱ्या दिवशी काठीनेच खाली काढायचे. उंचीचे कारण एकच. वाळलेल्या सोवळ्याला कुणाचा हात लागू नये.

आता हल्ली आपल्याकडे एक पद्धत पडली आहे. जुन्या कुठल्याही रीतीमागे विज्ञान होते असे सांगायचे आणि मोकळे व्हायचे. मला तसे म्हणायचे नाही. वलणी उंच बांधली ती विटाळाच्या कल्पनेमुळे, आणि त्या कल्पनेने किती माणसांना उंबऱ्याबाहेर ठेवले हे आपण विसरू नये. पण झाले असे की ज्या कारणाने ती उंच गेली ते कारण काहीही असो, कपडा मात्र घरातल्या सर्वांत योग्य जागी पोचला. चुलीने तापलेली हवा वर जाते. कौलांच्या सांध्यांतून आणि भिंत व छप्पर यांच्यामधल्या फटीतून ती बाहेर पडते. म्हणजे वलणीवरच्या कपड्याला रात्रंदिवस कोमट आणि हलती हवा मिळत असे.

तरीही आषाढ-श्रावणात सुती वस्त्र वेळेवर वाळेलच याची खात्री नसे. त्यासाठी धाबळी होती. लोकरीची धाबळी आणि रेशमाचा मुकटा किंवा कद रोज धुवावा लागत नाही, तो न धुताही सोवळ्यात चालतो, अशी सोय रूढीनेच करून ठेवली होती. पाऊस किती दिवस लागून राहू शकतो याचा अनुभव असल्याशिवाय असा नियम होत नाही.

रोजच्या कपड्यांसाठी पडवी होती. पावसाळ्याआधी पडवीच्या उघड्या बाजूला विणलेल्या झापांचा आडोसा करत. पाऊस आत येत नसे, पण वारा झापांतून गाळून येत असे. घरात तान्हे मूल असेल तर आणखी एक युक्ती होती. शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली पालथी ठेवायची आणि टोपलीवर लंगोट, दुपटी पसरायची. आजी शेगडीत चिमूटभर ओवा टाकत असे. ती टोपलीपासून हलत नसे. डोळा लागला तर दुपटे करपायचे, कधी पेटायचेही. हे काम दिवसातून चार-पाच वेळा करावे लागे. "पूर्वी सगळे कसे छान होते" असे म्हणताना ही टोपलीजवळची बैठकही हिशेबात धरायला हवी.

इथे आसामात आल्यावर गावाकडच्या घरांत मी धुआँचांग पाहिला. स्वयंपाकघरात चुलीच्या वर टांगलेला बांबूचा माचा. त्यावर सरपण, मासळी असे काय काय वाळत असते. मला एकदम आजीचे स्वयंपाकघर आठवले. दोन हजार किलोमीटरचे अंतर, भाषा वेगळी, पण पावसापुढे दोन्हीकडच्या माणसांना चुलीवरची जागा सापडली होती.

एका वर्षाच्या आत दोन संकटे

ही जुनी घरे मागे पडायला सुरुवात कधी झाली? मुंबई आणि आसाम दोन्हीकडे त्याचे उत्तर जवळजवळ एकाच वर्षात सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याची कोठारे, अरुंद गल्ल्या आणि त्यांत दाटीने उभ्या चाळी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा ठरायचे होते. अंधार, ओल आणि कोंदट हवा हेच कारण असावे असा डॉक्टरांचा आणि सरकारचा समज होता. म्हणून रोग्यांच्या घरांची कौले काढून आत ऊन सोडण्यात आले. अंथरुणे-पांघरुणे आणि कपडे जाळले गेले. उन्हाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ मध्येच दाखवून दिले होते, त्यामुळे उन्हावर सर्वांचा भर होता. घरांत शिरून झडती घेण्याच्या सक्तीने लोक किती संतापले होते हा इतिहास आपल्याला पुण्याच्या निमित्ताने ठाऊकच आहे.

प्लेगचे कारण चुकीचे धरले गेले, पण त्यातून एक चांगली गोष्ट निघाली. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरात हवा-उजेड किती हवा याचा हिशेब सुरू झाला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा आग्रह धरला. आकडा विचित्र वाटतो, पण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे गणित वापरले तर सोपा आहे. या कोनाचा टॅन्जंट दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी मोकळी जागा खिडकीसमोर सोडलीच पाहिजे. चाळीस फूट उंचीला वीस फूट. गृहिणीच्या भाषेत सांगायचे तर खिडकीबाहेर टाकलेल्या काठीवरच्या लुगड्याला वारा लागण्याइतकी जागा.

प्लेग मुंबईत थैमान घालत असतानाच १२ जून १८९७ रोजी सायंकाळी आसामात प्रचंड भूकंप झाला. सुमारे दीड हजार माणसे दगावली. शिलाँग, गुवाहाटी इथली दगडविटांची बांधकामे कोसळली. पुढे इकडे घरे बांधण्याची जी पद्धत रूढ झाली तिला आजही आसाम टाइप म्हणतात. लाकडी सांगाडा, त्यात इकरा नावाच्या बोरूसारख्या गवताच्या काड्यांचे कूड, वर गिलावा, उतरते पत्र्याचे छप्पर, उंच छत आणि पुढेमागे व्हरांडा. भिंत हलकी, म्हणून पडली तरी माणूस दगावत नाही.

आपल्यापैकी ज्यांनी जुन्या आसाम टाइप क्वार्टरमध्ये दिवस काढले असतील त्यांना तो मागचा व्हरांडा आठवत असेल. छपराची पाख पुढे आलेली, त्यामुळे पावसाचा शिडकावा आत येत नाही, आणि तीन बाजू उघड्या. कपडे वाळवायला याहून चांगली जागा मी आजवर पाहिली नाही. कोकणातली पडवीच ती. भूकंपाच्या भीतीने बांधलेल्या घराने धुण्याचा प्रश्नही सोडवून टाकला, आणि तोही कुणाच्या मनात नसताना.

एका खोलीतली दोरी

मुंबईत मात्र उलटे घडत गेले. गिरण्यांसाठी माणसे येतच राहिली आणि ट्रस्टची घरे पुरेनात. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे त्यांनी ज्या चाळी बांधल्या त्या बीडीडी चाळी. तीन मजले आणि तळमजला. एका मजल्यावर मधोमध बोळ आणि दोन्ही बाजूंना खोल्या. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची.

हा मधला बोळ महत्त्वाचा आहे. गॅलरीच्या चाळीत खोलीला पुढे दार-गॅलरी आणि मागे खिडकी असते, त्यामुळे वारा आरपार जातो. मधल्या बोळाच्या चाळीत खोलीची एकच भिंत बाहेरच्या बाजूला. खिडकीतून आलेला वारा बाहेर कुठून पडणार? समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडे असेल तरच. चाळीत दारे दिवसभर सताड उघडी असत त्याला शेजारधर्म हे एक कारण होतेच. हवेची गरज हेही दुसरे कारण होते असे मला वाटते.

माझे बालपणही मुंबईतल्या अशाच एका खोलीच्या घरात गेले. आम्ही सहा माणसे. पावसाळ्यात खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात दोन दोऱ्या बांधलेल्या असत आणि त्याखालून आम्ही वाकून चालत असू. अभ्यास करताना वहीवर शर्टाच्या बाहीतून थेंब पडे. आई पहाटे साडेचारला पाणी आले की धुणे उरकायची आणि मग दिवसभर एक-एक कपडा उलटसुलट करत राहायची. कंबरेपाशी जाड शिवण असलेली पँट, शाळेचा गणवेश आणि वडिलांची बनियन हे तिचे कायमचे शत्रू. गणवेश रात्री उशाखाली घालून ती झोपायची. अंगाच्या उबेने उरलेली ओल निघते म्हणायची.

आणखी एक गोष्ट लिहावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. स्मरणिका घरातली लहानथोर सर्वच वाचतात. म्हणूनच लिहितो. आमच्या दोरीच्या सर्वांत आतल्या टोकाला, भिंतीच्या कोपऱ्यात, एक जुनी चादर कायम टांगलेली असायची. ती कधीच काढली जात नसे. मोठेपणी, लग्नानंतर, मला तिचे कारण कळले. त्या चादरीआड आई आणि ताई पाळीच्या दिवसांतली कापडे वाळवत. घरात पुरुष माणसे, बाहेर बोळ, गच्चीला कुलूप. ज्या कापडाला उन्हाची सर्वांत जास्त गरज तेच सर्वांत अंधाऱ्या आणि ओल्या जागी. ते नीट वाळतही नसणार. तसेच दमट कापड त्या पुन्हा वापरत असतील. ताईला त्या काळात वरचेवर अंगावर चट्टे उठून खाज येई आणि त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे, हेही आम्हाला नंतर कळले.

हे जुने झाले असे कुणी म्हणेल. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी निम्म्या जणींनी आपण कापड वापरतो असे सांगितले आहे. कापड वापरण्यात वाईट काही नाही. स्वच्छ धुतलेले आणि कडक उन्हात वाळलेले कापड निर्धोक असते. प्रश्न फक्त ते वाळवण्याच्या जागेचा आणि आपल्या लाजेचा आहे.

साहेबाच्या घरातली कप्पी

थंड आणि ओल्या इंग्लंडात हा प्रश्न बारमाही होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तिकडच्या कामगार घरांत एक साधन रूढ झाले. बिडाच्या दोन चौकटी, त्यांत चार-पाच लाकडी पट्ट्या, आणि हे सगळे छताला कप्पी लावून दोरीने वर-खाली करायचे. लँकेशायरच्या सूतगिरण्यांच्या गावांत ते इतके प्रचलित होते की त्याला त्या परगण्याचेच नाव पडले. दोरी सोडली की पट्ट्या खाली येतात, उभ्याने कपडे घालायचे, ओढून वर न्यायच्या आणि भिंतीवरच्या खुंटीला दोरी गुंडाळायची. खाली शेगडी, वर कपडे. आपली वलणीच, फक्त काठीच्या जागी कप्पी आली. आज आपल्या फ्लॅटच्या बाल्कनीत स्टीलच्या सहा नळ्यांचे जे साधन छताला लावतात ते याच घराण्यातले.

अमेरिकेत स्प्रिंगचा चिमटा १८५३ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या डेव्हिड स्मिथ यांनी पेटंट केला. आपल्या धोब्यांना त्याची गरज वाटली नाही. मुंबईच्या महालक्ष्मी धोबीघाटावर दोन दोऱ्यांना पीळ घालून त्या पिळात कपड्याचे टोक अडकवतात. कितीही वारा आला तरी सुटत नाही आणि चिमट्याचा डाग पडत नाही.

१८९२ मध्ये ओहायो राज्यातल्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला कपडे वाळवण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. चुलीच्या आसपास चौकटी लावून त्यावर कपडे ठेवायचे अशी त्याची रचना होती. आजीची पालथी टोपली आणि सॅम्पसनची चौकट यांचा उद्देश एकच. पुढे विसाव्या शतकात तिकडे फिरत्या पिंपाचे विजेवरचे ड्रायर आले आणि घरोघर पसरले. एका घाण्याला तीन-चार युनिट वीज सहज जाते. आपल्याकडे वर्षातले आठ महिने ऊन फुकट मिळत असताना ते यंत्र कोण घेणार?

आपल्याकडे खरा बदल केला तो धुलाई यंत्राच्या पिळणाऱ्या पिंपाने. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ही दोन पिंपांची यंत्रे मध्यमवर्गीय घरांत दिसू लागली. साधारण एक फुटाहून कमी व्यासाचे पिंप मिनिटाला १३०० फेरे घेते, तेव्हा कपड्यातल्या पाण्यावर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पटींहून जास्त जोर येतो. माणसाच्या मनगटात तेवढा जोर नाही. आईची जाड शिवणीची पँट या यंत्राने जिंकली. ती मात्र तोवर थकली होती.

पाणी जाते कुठे?

आता थोडा हिशेब. कंटाळवाणा वाटला तरी वाचावा, कारण सगळी गोम यात आहे.

पाच किलो कोरडे कपडे धुऊन हाताने पिळले तर त्यांत साधारण त्यांच्या वजनाइतके, म्हणजे पाच लिटर पाणी राहते. यंत्राने पिळले तर अडीच लिटर. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २७ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅम बाष्प धरू शकते. पावसाळ्यात ती आधीच ९० टक्के भरलेली असते असे धरू. म्हणजे जागा उरली दहा टक्के. पूर्ण खोलीचा हिशेब केला तर फक्त ९० ग्रॅम. चहाचा एक लहान कप.

म्हणजे दारे-खिडक्या लावून घेतल्या तर एक कपभर पाणी उडाल्यावर वाळण्याचे काम थांबते. अडीच लिटर पाणी घालवायला त्या खोलीतली हवा कमीत कमी अठ्ठावीस वेळा बदलली पाहिजे, आणि हाताने पिळलेल्या कपड्यांसाठी पंचावन्न-छप्पन्न वेळा. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, चांगले पिळणे म्हणजे निम्मे वाळवणे. दोन, बंद खोलीत पंखा लावून उपयोग थोडा, कारण तो तीच हवा फिरवतो. तीन, न गेलेले पाणी नाहीसे होत नाही. ते भिंतीत, गादीत, कपाटामागे जाऊन बसते. तिथे बुरशी धरते, आणि ज्या घरात दम्याचे माणूस किंवा लहान मूल आहे तिथे तिचा त्रास सर्वांत आधी दिसतो.

कपड्यांना येणारा कुबट वास हाही उशिराचाच परिणाम. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासामागचा जंतू शोधून काढला. धुतल्यावरही तो धाग्यांत उरतो आणि कपडा बराच वेळ ओला राहिला की वाढतो. त्यावर अत्तर उपयोगी नाही, लवकर वाळवणे हाच उपाय.

उरलेल्या जागेचे काय झाले?

आसाम टाइप घरे जाऊन तिथे चार मजली इमारती आल्या. जागा वाचली, डास-साप कमी झाले, हे मान्यच. पण मागचा व्हरांडा गेला. त्याच्या जागी आली तीन फुटी बाल्कनी, आणि तीही लवकरच काचा लावून घरात घेतली गेली. मुलाला अभ्यासाला जागा हवी, कुणाला कपाट ठेवायचे असते. हे मी दोष म्हणून सांगत नाही, मीही तेच केले आहे.

मग दोरी कुठेही बांधली जाते, आणि तिथेच धोका असतो. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी असताना आमच्या कॉलनीत एका घरी कपड्यांसाठी लोखंडी तार ओढलेली होती. तारेचे एक टोक विजेच्या वायरी नेणाऱ्या लोखंडी पाइपाला बांधलेले. आतली वायर जुनी, तिचे आवरण फाटलेले. तशी तक्रार नोंदवलेली होती, पण दुरुस्ती व्हायची होती. पावसाळ्यात एके सकाळी त्या घरच्या वहिनी ओली चादर टाकायला गेल्या आणि फेकल्या गेल्या. पायात रबरी चप्पल होती म्हणून वाचल्या. उजव्या हाताची बोटे मात्र पुढे कित्येक महिने नीट वळत नव्हती. ती तक्रारवही माझ्याही हाताखालून गेली होती. "दोरी बदला" एवढे त्यांच्या दारात जाऊन सांगायला मला पाच मिनिटे लागली असती. ती मी दिली नाहीत, हे मला आजही टोचते. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलो की माझी नजर आधी दोरीकडे जाते.

मुंबईतही चक्र पुढे गेले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या रहिवाशांना नव्या उंच इमारतींमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी १६० फुटांचे ५०० फूट झाले, फार आनंदाची गोष्ट. नवे घर पाहायला जाणारा प्रत्येक जण हॉल किती, बेडरूम किती हे विचारतो. धुणे कुठे वाळणार हे मात्र घरातली बाईच विचारते, तेही बहुधा मनातल्या मनात.

या सगळ्या इतिहासातून मला एवढेच दिसते. कपडे वाळायला यंत्र लागत नाही. छपराखालची एक उघडी जागा लागते. जिथे घर बांधणाऱ्याने ती दिली, मग सोवळ्यासाठी का होईना, भूकंपाच्या भीतीने का होईना, तिथे प्रश्न सुटला. जिथे दिली नाही तिथे तिची किंमत घरातल्या बाईने आपल्या वेळाने, झोपेने आणि तब्येतीने मोजली. आणि ती किंमत कुठल्याच एस्टिमेटमध्ये धरलेली नव्हती. मीही आजवर अनेक एस्टिमेटे केली, त्यांत दोरीचा हूक धरल्याचे आठवत नाही.

म्हणून शेवटी दोन-चार विनंत्या. लोखंडी तार आजच काढा, नायलॉनची दोरी बांधा, आणि ती विजेच्या पाइपापासून व पत्र्यापासून दूर ठेवा. घरात ३० मिलिअँपियरचा गळती-रोधक स्विच बसवून घ्या. गॅसच्या शेगडीवर कपडे वाळवू नका. घरातच वाळवायचे असतील तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, पंख्याचे तोंड कपड्यांकडून बाहेरच्या दिशेला करा, दोन कपड्यांत चार बोटे अंतर ठेवा, आणि झोपायची खोली शक्यतो टाळा. पाळीची कापडे चादरीआडून बाहेर काढून उन्हात घाला. हे सांगायला पुरुषांनी लाजू नये आणि ऐकायला बायकांनी.

आणि मंडळाला एक सूचना. आपल्या इमारतींच्या गच्च्यांवर उघड्या बाजूंची, उतरत्या पत्र्याची एक-एक शेड परवानगी घेऊन उभी करता आली तर पाहावे. नकाशा मी काढून देतो, त्यासाठी वर्गणीची गरज नाही.

यंदा यजमानांचे धोतर दोन दिवस आधी धुवायचे ठरले आहे. गुरुजींना तसे कळवले, तर म्हणाले, "धाबळीही जवळ ठेवा."

गणपती बाप्पा मोरया!